कुणाचा फायदा, कुठल्या महिन्यात?

राजकारणाच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. वाद रंगात आलेला असतो, कुणीतरी आकडे सांगत असतं, आणि कोपऱ्यातला एकजण चहाचा कप खाली ठेवत म्हणतो, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण यात फायदा कुणाचा ते बघा.’ म्हणायचं आणि मागे टेकायचं. वाक्य प्रश्नाचं असलं तरी त्याला उत्तराची वाट बघायची नसते, उत्तर त्याच्या खिशातच असतं. रस्ता होतोय? ठेकेदारांचा फायदा. रस्ता अडलाय? ज्यांच्या जमिनी पलीकडच्या बाजूला आहेत त्यांचा. आंदोलन झालं? विरोधकांचा. आंदोलन मागे घेतलं? मग तर सगळं ठरलेलंच होतं.

मला स्वतःला हा प्रश्न आवडतो. राष्ट्रहित, जनहित, शेतकरीहित असे शब्द ज्या भाषणात दाटीवाटीने येतात तिथे तो विचारलाच पाहिजे. हित नेमकं कुणाचं ते नावानिशी सांगा म्हटलं की निम्म्या भाषणांची हवा जाते. माझी कुरकुर इतकीच, की आपण प्रश्न विचारतो आणि पहिल्याच उत्तरावर थांबतो. आणि ते पहिलं उत्तर बहुतेक वेळा आपल्याला आधीपासूनच न आवडणाऱ्या माणसाचं नाव असतं.

पुढचं सगळं कांद्याबद्दल आहे. त्याला कारण घरचं. आमचं मूळ गाव चांदवड तालुक्यात. शेती बघतात ते नाना, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. मी पुण्यात नोकरी करतो, पण सातबाऱ्यावर माझंही नाव आहे आणि दरवर्षी कांद्याची गोणी आणि हिशेबाचे थोडे पैसे माझ्याकडे येतात. म्हणजे कांदा महागला की मी पुण्यात भाजीवाल्यापाशी तोंड वाकडं करतो आणि गावाकडून फोन आला की खुशीत विचारतो, ‘काय नाना, यंदा बरं आहे ना?’ दोन्ही वेळा मनापासून.

२०२३ साल आठवा. जूनपासूनच पावसाची चिन्हं बरी नव्हती आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे राज्य सरकारने जे चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. केंद्राला कांद्याची धास्ती वाटली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं. नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मग नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने घेण्याची घोषणा झाली. ती बातमी आपल्याला उपमुख्यमंत्र्यांनी जपानहून कळवली, कारण ते तेव्हा तिथल्या दौऱ्यावर होते. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या शेवटी भाव चढले तसं ८०० डॉलर टन हे किमान निर्यातमूल्य लागलं, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर माल पाठवायचाच नाही. आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी.

त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर कल्ला झाला. ठाण्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचं मत पडलं की लोकसभा जवळ आली, शहरातल्या मतदाराला कांदा स्वस्त पाहिजे, फायदा सत्ताधाऱ्यांचा. बहिणीच्या नवऱ्याने लिहिलं की ओरडणारे सगळे व्यापारी आहेत, शेतकऱ्याच्या नावावर निर्यातदार आपला धंदा वाचवतायत. एका मामेभावाने नेहमीप्रमाणे दोन उद्योगपतींची नावं टाकली. त्या दोघांचा कांद्याशी काय संबंध हे त्याने सांगितलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. मी सरकारचं प्रसिद्धिपत्रक टाकलं: देशांतर्गत उपलब्धता, रास्त दर, वगैरे. नाना ग्रुपवर लिहीत नाहीत. रात्री फोनवर मी त्यांना विचारलं, ‘नाना, या बंदीत नेमका फायदा कुणाचा?’

ते म्हणाले, ‘कुठल्या कांद्याचं विचारतोयस? उन्हाळचं का लालचं?’

हा प्रतिप्रश्न त्या दिवशीच्या कुठल्याही चर्चेत मी ऐकला नव्हता. टीव्हीवर ‘शेतकरी’ एकच असतो, पागोटं घातलेला, भेगाळलेल्या जमिनीवर उभा. गावात तो एक नसतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे या दिवसांत निघतो, टिकतो, चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर मांडवात, भरता येतो. ज्याच्याकडे चाळ बांधायला पैसे आणि थांबायला धीर आहे तो दिवाळीपर्यंत वाट बघतो. वाट बघायचीही किंमत असते. चाळीतला कांदा वजनाला कमी होतो, कोंब येतात, सडतो, आणि पाऊस वेडावाकडा झाला तर निम्मी चाळ उकिरड्यावर जाते. पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ज्यांच्या चाळीत माल शिल्लक होता त्यांचं सोनं झालं. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यांच्या चाळी रिकाम्या झाल्या होत्या. बंदी आली तेव्हा बाजारात होता लाल कांदा, खरिपाचा. याला पाणी जास्त, टिकाऊपणा कमी. काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकायचाच. ज्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन तो जगवला होता त्यांच्या ट्रॅक्टरच्या रांगा लासलगाव, पिंपळगाव, चांदवडला लागल्या होत्या, आणि काही दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आले.

म्हणजे एकाच गावात, एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे, एकाला बंदीने शिवलंही नाही आणि दुसरा बुडाला. नानांचा उन्हाळ कांदा ऑक्टोबरात गेला होता. ते म्हणाले, ‘मी बोंब मारली तर खोटी ठरेल. पण शेजाऱ्याची खरी आहे.’ पुढे लगेच म्हणाले, ‘आता माझा रांगडा कांदा यायचाय जानेवारीत, तेव्हा मारतो.’

व्यापाऱ्यांचंही तसंच. ‘व्यापाऱ्यांचा फायदा’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला कुणीतरी जाड माणूस येतो. बंदीच्या आदल्या दिवशी चढ्या भावाने माल घेऊन ज्याने कंटेनर न्हावा-शेव्याला रवाना केला होता तो व्यापारी त्या आठवड्यात घाम पुसत होता. ज्याचं खळं रिकामं होतं आणि हातात रोकड होती त्याने पडलेल्या भावात खरेदी केली. दोघं एकाच बाजार समितीच्या एकाच शेडमध्ये, एकाच संघटनेच्या पत्रकावर सही करणारे. पत्रकात लिहिलं होतं ‘व्यापाऱ्यांचं नुकसान’. ते खरंही होतं आणि खोटंही, कुठल्या सहीपाशी बोट ठेवता त्यावर.

शहरातल्या ग्राहकाचा फायदा झाला का? किरकोळ भाव उतरले, हे खरं. पण लिलावात जितक्या वेगाने पडले तितक्या वेगाने हातगाडीवर पडले नाहीत, कधीच पडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाट्यावर एक निबंध केला. त्यानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो त्यातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात. उरलेले ६४ पैसे ऐकले की ‘दलाल’ हा शब्द तोंडात येतोच. त्या ६४ पैशांत आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, आहे, हमाली-तोलाई आहे, बारदान, वाहतूक, प्रतवारी, वाटेतली सड, घाऊकवाला, आणि शेवटी आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला, जो रोज संध्याकाळी खराब निघालेला कांदा बाजूला काढतो आणि त्याचे पैसे कुणाकडे मागत नाही. कुणीतरी यात नक्की जास्त खातं. पण कोण, हे ‘दलाल’ म्हणून कळत नाही. त्यासाठी टप्प्याटप्प्यावर किती माल, किती भावाने, किती दिवस थांबला हे बघावं लागतं, आणि ते कंटाळवाणं काम आहे. टीव्हीवर ते कुणी करणार नाही. तिथे पुढची जाहिरात यायच्या आत खलनायक सापडावा लागतो.

एक गोष्ट मात्र त्या वर्षी मला फार उपयोगी पडली. बंदीचा ठळक फायदा ज्यांना झाला त्यांत पाकिस्तानचे कांदा निर्यातदार होते. आखातातले आणि इतर ठिकाणचे खरेदीदार भारताचा माल मिळेना म्हणून तिकडे वळले. त्यांनी तो हंगाम चांगला साधला. आता कोपऱ्यातल्या त्या माणसाचा नियम लावायचा तर निर्यातबंदी पाकिस्तानने करवून घेतली असं म्हणावं लागेल! तसं कुणी म्हटलं नाही, कारण ते उघड वेडेपणाचं आहे. पण नेमकी हीच उडी आपण एरवी बेधडक मारतो: अमक्याला फायदा झाला, म्हणजे अमक्यानेच केलं. दंगल, संप, कायदा, बदली, छापा, काहीही असो. फायदा घेणारा आणि घडवणारा एकच असतो असं गृहीत धरलं की तपासाचं काम संपतं.

याची उलटी बाजूही त्याच कांद्याने दाखवली. बंदी उठली ४ मे २०२४ ला. महाराष्ट्रातल्या मतदानाचे तीन टप्पे तेव्हा बाकी होते, ७, १३ आणि २० मे, आणि नाशिक-दिंडोरी शेवटच्या टप्प्यात. तारखा बघितल्यावर हेतूबद्दल शंका घ्यायला मला तरी फार कष्ट पडले नाहीत. पण उठवतानाही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवलं, म्हणजे टनामागे ७७० डॉलरच्या खाली माल बाहेर पडणं कठीणच. निकाल लागला तेव्हा दिंडोरीत विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, आणि कांद्याने आपल्याला त्रास दिला हे महायुतीच्या नेत्यांनीच नंतर जाहीर बोलून दाखवलं. म्हणजे ज्याने स्वतःच्या फायद्यासाठी केलं असा आपला संशय, त्याला फायदा झालाच नाही. आणि ज्याला झाला त्याने काहीच केलं नव्हतं. निकालावरून मागे मागे जात हेतू शोधणाऱ्याला या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते कळणार नाही.

मग हा प्रश्न निकामी आहे का? अजिबात नाही. तो कामाला येतो ते पांढऱ्या कांद्यासारख्या ठिकाणी.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस, बंदी चालू असताना, केंद्राने गुजरातचा २,००० टन पांढरा कांदा निर्यात करायला परवानगी दिली. पांढऱ्या कांद्याचा मोठा पट्टा भावनगर-महुवाचा. गुजरातचं मतदान ७ मेला. नाशिकमध्ये भडका उडाला आणि तो उडायलाच हवा होता. दोन हजार टन ही कांद्याच्या व्यापारात किरकोळ गोष्ट आहे, पण अपवाद किती मोठा यापेक्षा अपवाद कुणासाठी हे इथे महत्त्वाचं होतं. नियम सगळ्यांना, सूट एकाला, आणि कारण सूट दिल्यावर. दोन दिवसांनी सरकारी पत्रक आलं की सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीला मुभा आहे: बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारिन, मॉरिशस, श्रीलंका. बातम्यांनी ‘निर्यात खुली’ असे मथळे दिले. पत्रक शांतपणे वाचलं तर कळत होतं की ही आधीच्या महिन्यांत वेळोवेळी दिलेल्या परवानग्यांची बेरीज आहे, नव्याने फारसं काही उघडलेलं नाही. त्याच पत्रकात पांढऱ्या कांद्याबद्दलचं म्हणणंही होतं: तो निर्यातीसाठीच पिकवतात, बियाणं महाग पडतं, परदेशी निकष पाळावे लागतात. हे सगळं खरं आहे. पण खर्च करून परदेशी निकष पाळणारे नाशिकलाही आहेत, त्यांना हे कारण लागू का नाही याचं उत्तर त्यात नव्हतं.

मला वाटतं इथे प्रश्नाने आपलं काम चोख केलं. त्याने कुणाला दोषी ठरवलं नाही. त्याने कागद वाचायला लावला, बेरीज कशाची आहे ते बघायला लावलं, आणि कुठलं कारण कुठे लागू होत नाही ते दाखवलं. सहा देशांचा माल एनसीईएल या सरकारी सहकारी संस्थेमार्फत जात होता; आपल्याकडे पडत्या भावाने घेतलेला कांदा तिकडे कितीने विकला जातो आणि मधला फरक कुणाच्या खिशात जातो, ही निर्यातदारांची तक्रारही त्याच दिवसांतली. निर्यातदारांना यात रस होता हे उघड आहे, धंदा त्यांचा बंद होता. म्हणून तक्रार खोटी होत नाही. ज्याचं पोट दुखतं तोच बहुधा पहिला ओरडतो, आणि आतलं कुठे काय चाललंय हेही त्यालाच माहीत असतं.

हे आपण फार विसरतो. ‘त्याचा स्वार्थ आहे’ एवढं म्हटलं की त्याच्या म्हणण्याचा निकाल लागला असं वाटतं. २०२० चे तीन कृषी कायदे आणि दिल्लीच्या सीमेवरचं आंदोलन आठवा. एका बाजूने सतत सांगितलं जात होतं की हे आंदोलन आडत्यांचं आहे. पंजाबात गव्हाच्या सरकारी खरेदीवर आडत्याला अडीच टक्के मिळायचे. बाजार फी आणि ग्रामीण विकास निधी धरला तर तिथल्या मंडीतला एकूण बोजा साडेआठ टक्क्यांच्या घरात जायचा. आडत्याला चिंता असणारच. तो आंदोलनाला धान्य-पैसा पुरवत असेलच. मग? हमीभावाची खरेदी हळूहळू आटेल ही शेतकऱ्याची भीती त्यामुळे खरी की खोटी, हे कुठे ठरलं? दुसऱ्या बाजूचंही तेच. कायद्यांचा लाभ मोठ्या कंपन्यांना, म्हणून कायदे वाईट. कंपन्यांना लाभ होणार होता यात मला शंका नव्हती, पण नाशिकच्या शेतकऱ्याने बाजार समितीबाहेर माल विकू नये का, या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. आपल्याकडे फळं-भाजीपाला, कांदा-बटाटा २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला होता आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली होती. तेव्हाही व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. पुढे काय झालं? आडत कागदावर खरेदीदाराकडे गेली. बोली लावणाऱ्याने ती मनात वजा करूनच बोली लावली असणार, असं नाना म्हणतात. ते सिद्ध करता येणं अवघड आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण मी त्यांचा भाऊ आहे.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या वाट्याला हा प्रश्न दोन्हीकडून आला. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेणारा माणूस. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधींनी महागलेल्या कांद्याचा प्रचारात भरपूर वापर केला आणि निवडणूक जिंकली. त्याच वर्षी चाकणला आणि मग नाशिक जिल्ह्यात शेतकरी कांद्याला भाव नाही म्हणून जोशींच्या मागे रस्त्यावर उतरले. एकाच वर्षात कांदा महाग म्हणून सरकार गेलं आणि स्वस्त म्हणून रस्ते अडले. जोशींचा सगळा मांडणीचा पाया म्हणजे ‘कुणाचा फायदा’ हाच होता. शेतमाल स्वस्त ठेवण्याचं धोरण गरिबाच्या नावाने चालतं, पण त्यातून शहर आणि कारखानदारी पोसली जाते, भारत लुटून इंडिया उभा राहतो, हे त्यांनी हजारोंच्या सभांत हिशेब मांडून सांगितलं. आणि नव्वदच्या सुरुवातीला त्यांनी जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली तेव्हा त्यांनाच विचारलं गेलं: हे कुणाच्या फायद्याचं, अमेरिकन कंपन्यांच्या? उत्तर प्रदेशचे टिकैत आणि कर्नाटकचे नंजुंडस्वामी हे शेतकरी नेते विरोधात उभे राहिले. जोशी पुढे राज्यसभेत गेले तेव्हा पुन्हा विचारलं गेलं. मला त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत होता येत नाही. पण ज्यांनी फक्त ‘हा कुणाचा माणूस’ एवढ्यावर त्यांची वासलात लावली, त्यांनी त्यांचा उणे सबसिडीचा, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा जास्त काढून घेतं हा, हिशेब एकदाही तपासलेला नसायचा. हिशेब चुकीचा असेल तर आकड्यात चूक काढा. माणसाच्या खिशात हात घालून आकडा चुकत नाही.

जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न कसा विचारला ते बघण्यासारखं आहे. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: सरकारचा महसूल येतो मुख्यतः राबणाऱ्या रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर. पैसा इथून येतो, तिथे जातो. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. इथे कुणाच्या मनात काय होतं याचा तपास नाही, कटाचा आरोप नाही. इंग्रज अधिकाऱ्याला रयतेचा द्वेष आहे की नाही यावर मुद्दा अडत नाही. प्रवाह दाखवला की पुरे. फुले स्वतः ठेकेदारी करत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. सरकारी कामांत पैसा कुठून कसा वाहतो ते त्यांनी आतून पाहिलं होतं. त्यांच्या बोलण्याला जी धार आहे ती मला वाटतं तिथून येते. कुणी तेव्हा म्हटलं असतं की हे स्वतः ठेकेदार, यांचा काय स्वार्थ, तर महसुलाचा तो हिशेब त्याने एका पैशानेही बदलला नसता.

पण प्रवाह दिसायला नोंद लागते, आणि ती बहुतेक वेळा आपल्यासमोर नसते. कांद्यावर बंदी होती त्याच काळात, १५ फेब्रुवारी २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. २०१८ पासून चालू असलेली योजना. देणगी कुणी कुणाला दिली हे मतदाराला कळता कामा नये, अशी तिची रचनाच होती. न्यायालयाने मतदाराचा माहितीचा अधिकार मान्य केला, आणि देणगीच्या बदल्यात काही दिलं-घेतलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही हेही नोंदवलं. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या आणि रातोरात देशभर लोक तक्ते जुळवत बसले: कुणी रोखे घेतले, केव्हा, कुणाच्या खात्यात गेले, त्या आसपास कुठलं कंत्राट, कुठली धाड. काही जुळण्या गंभीर होत्या, काही ओढूनताणून आणलेल्या. तरी आदल्या सहा वर्षांच्या कुजबुजीपेक्षा त्या एका महिन्यातली ओबडधोबड जुळवाजुळव मला जास्त सभ्य वाटली. निदान ती खोडून काढता येत होती. कुजबुज खोडता येत नाही.

स्वतःपुरतं मी एक करायला लागलोय. एखादं मत मला फार चटकन पटलं की त्यात माझं काय आहे ते आधी बघतो. निर्यात खुली असावी असं मी पुण्यात बसून ठामपणे सांगतो तेव्हा त्यामागे सातबाऱ्यावरचं नाव आहे. मला महिन्याला चार-पाच किलो कांदा लागतो. तो शंभर रुपये किलो झाला तरी माझ्या घरखर्चात काही मोडत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं मोडतं. भाकरीबरोबर कांदा हीच ज्या घरात भाजी असते त्या घराला ग्राहक किंमत निर्देशांकातल्या कांद्याच्या वजनाने काही फरक पडत नाही. २०१२ पायावरच्या निर्देशांकात ते वजन शंभरात एकही नव्हतं, ०.६४ होतं. त्या मावशींना निर्यातबंदी हवी असेल तर त्या शहरी, मतलबी, शेतकरीद्वेष्ट्या ठरत नाहीत. त्या मूळच्या जालना जिल्ह्यातल्या, दुष्काळात गाव सोडून आलेल्या. त्यांच्या भावाचा कांदा २०२३ च्या फेब्रुवारीत मातीमोल गेला होता. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्यामागे सगळा खर्च जाऊन दोन रुपयांचा चेक हातात पडला, तो महिना. म्हणजे एकाच घरात भावाला कांदा महाग हवा आणि बहिणीला स्वस्त. ‘शेतकरी विरुद्ध ग्राहक’ हा वाद त्या दोघांत कुठे लावायचा?

त्या फेब्रुवारीनंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये सानुग्रह अनुदान दिलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. दिंडोरीहून निघालेला किसान सभेचा मोर्चा मुंबईच्या वाटेवर होता, त्या दबावातून. अनुदानाचा फायदा कुणाला झाला, मोर्चाचं श्रेय कुणाला, अटी कुणासाठी बसवल्या, यावर वेगळा लेख होईल. तो मी लिहिणार नाही, कारण आमच्या गावातल्या त्या याद्यांत ज्यांची नावं होती त्यांना मी ओळखतो.

२०२५ च्या हंगामातली गोष्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. दार सताड उघडं, आणि बाजारात भाव नाही. उन्हाळ कांदा भरपूर पिकला आणि आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने आयातीचे परवाने रोखून धरले. २०१९ मध्ये आपण निर्यात बंद केली तेव्हा तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, कांदा घालू नकोस. लोक हसले होते. तेव्हापासून त्यांनी आपलं पीक वाढवायचा प्रयत्न चालवला.

नानांनी फोनवर हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मग आता त्यांनी दार लावलंय, यात फायदा कुणाचा?’

म्हटलं, ‘पाबना, फरीदपूर म्हणून जिल्हे आहेत तिकडे. तिथल्या कांदा उत्पादकांचा. त्यांचा माल निघाला की बाहेरचा येऊ देत नाहीत.’

‘म्हणजे आपल्यासारखेच.’

‘आपल्यासारखेच.’

‘मग त्यात चुकलं काय त्यांचं?’ ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत, ‘तिकडं क्विंटलला काय भाव चाललाय ते बघून सांग मला. आपल्या पैशात.’